पाटावरची डिस्क

दसऱ्याला मोहाडीच्या विणकरआळीत मागांना सुट्टी असते. तेजस्विनीच्या कॉम्प्युटरलाही असायला हवी होती, पण दारात एक उंच तरुण पेनड्राइव्ह हातात धरून उभा होता आणि जायचं नाव घेत नव्हता.

"एकच फोटो काढून द्या जी. माया शेवंतामावशीनं नातीच्या फोटोसाठी फ्रेमही आणून ठेवली."

"आज हत्यारं चालवत नाई आमच्या घरी. पूजा झाली."

त्यानं पाटाकडे पाहिलं. धोटा, फणी, कात्री… आणि त्यांच्या शेजारी, झेंडूच्या फुलांखाली, कपाळभर कुंकू लावलेली तिची काळी एक्सटर्नल डिस्क.

"प्रिंटर तर दिसत नाई पाटावर," तो गंभीरपणे म्हणाला. "म्हणजे त्याची पूजा झाली नाई. त्याले कायले उपाशी ठेवता? काम द्या त्याले."

तेजस्विनीला हसू फुटलं. ते लपवायला ती पाठमोरी झाली, कॉम्प्युटर सुरू केला, पेनड्राइव्ह लावला. फोटो निघेपर्यंत तिला कळलं, की त्याचं नाव कुंदन, तो जवाहरनगरच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे आणि दुपारच्या बसनं परत जाणार आहे. शेवटची गोष्ट तिला उगाचच आवडली नाही. तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत ती पाहत राहिली. पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या मागे तसाच राहिला, ते मात्र तिनं पाहिलं नाही. पाहायला भान कुठे होतं!

दुपारी नागपूरहून रीताबाई आल्या. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांच्या मोठ्या व्यापारी. तेजस्विनीनं वर्षभर खपून कॉम्प्युटरवर काढलेल्या काठांच्या नक्षी पाहायला त्या मुद्दाम मुहूर्तावर आल्या होत्या. बाबांशी तिचा करारच झाला होता — रीताबाईंनी एक जरी काठ निवडला, तर तो मागावर चढणार. नाहीतर कॉम्प्युटर विकायचा आणि तिनं पुन्हा नक्षीचं नाव काढायचं नाही.

नक्षी नुसती दाखवायला बाबांची हरकत नव्हती. तिनं पाटावरून डिस्क उचलली, पुसली, लावली आणि नक्षीचं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर नुसती रिकामी चौकट. 'एफ ड्राइव्हवर फाइल सापडत नाही.' एफ म्हणजे कॉम्प्युटरनं तिच्या डिस्कला दिलेलं अक्षर.

तिनं वायर काढून पुन्हा लावली. तेच. दुसरी प्रत ठेवायची तर कधीपासून राहूनच गेली होती.

तिचे बाबा, मधुकरराव, तिच्यामागे येऊन उभे राहिले. सकाळी पूजेसाठी वायर उपटून डिस्क त्यांनीच पाटावर मांडली होती. "कुंकू शिरलं का बाई तिच्यात?" त्यांचा आवाज इतका बारीक तिनं कधी ऐकला नव्हता. "मायाच हातानं तुयं वर्ष वाया गेलं…"

करार जिंकायची बाबांना काडीचीही हौस नव्हती, हे तिला तेव्हा कळलं, आणि तिला जास्तच रडू आलं. रीताबाईंनी रिकामा कप खाली ठेवून घड्याळ पाहिलं.

"माया पेनड्राइव्ह राहिला का जी इथं?" दारातून कुंदनचा आवाज आला.

"घ्या बापा तुमचा पेनड्राइव्ह!" तेजस्विनीनं तो रागारागानं उपटला, आणि तिचा हात तसाच थांबला. पडद्यावरच्या ड्राइव्हच्या यादीतून एफ नाहीसा झाला होता. खाली जी हे अक्षर तेवढं उरलं होतं. म्हणजे इतका वेळ एफ होता, तो… याचा?

"मायी डिस्क पाटावर बसली होती," ती हळूच म्हणाली, "अन् तिची जागा रिकामी पाहून तुमचा पेनड्राइव्ह तिथं बसला. डिस्क परत आली तर तिले शेजारची जागा भेटली. सॉफ्टवेअर बिचारं जुन्याच जागी शोधून राहिलं."

"एसटीत होते तसं," कुंदन ओशाळून म्हणाला. "म्हणजे सीट म्याच बळकावली."

"तुम्हीच. आता डिस्कले तिथं मलेच बसवा लागन."

पेनड्राइव्ह निघाला तरी डिस्क 'जी' या अक्षरावरच अडून बसली होती. तेजस्विनीनं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, डिस्कच्या नावावर उजवं बटण दाबलं, ड्राइव्हचं अक्षर बदलायचा पर्याय निवडला, जी पुसून एफ दिलं. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं. कुंदन श्वास रोखून तिच्याकडे पाहत होता, पडद्याकडे नाही.

आणि काठ उमलत गेले. एकामागून एक, सगळे.

धानाच्या लोंब्यांच्या काठावर रीताबाईंचं बोट थांबलं. "हा मला हवा. आणि त्याच्या खालचाही."

मधुकररावांनी डोळे पुसले आणि रुबाबात सांगितलं, "उद्या माग सुरू होईन, तो पोरीच्याच काठानं." तेजस्विनी लहान मुलीसारखी त्यांच्या गळ्यात पडली. रीताबाईंना गाडीपर्यंत सोडायला ते ताठ मानेनं निघाले.

कुंदनची बस केव्हाच गेली होती. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्यानं खिशातून आपट्याची पानं काढली.

"घ्या सोनं. सकाळचा पेनड्राइव्ह खरंच विसरलो होतो, शपथ. पण…" तो अडखळला. "आता मुद्दाम विसरून जावं म्हणतो. तुम्ही मले लय आवडल्या जी."

तेजस्विनीनं दोन्ही हातांनी सोनं घेतलं. पेनड्राइव्ह उचलला, कॉम्प्युटरला लावला आणि त्यालाही एक अक्षर देऊन टाकलं.

"के?" कुंदन वाकून पाहत म्हणाला. "इतक्या दूर काहून?"

"इतक्या दूरची जागा कोणी बळकावत नाई." तिनं मान वर केली, गाल लाल झाले तरी नजर हलू दिली नाही. "आवडले तर मलेही तुम्ही. पुढच्या रविवारी या अन् बाबांशी बोला. पेनड्राइव्ह इथंच राहू द्या."