रफूचा माल

ग्रे कापड तपासणं हे माझं काम. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे शंभरेक मीटर कोरं कापड, माझ्या तिरक्या टेबलावरून खाली सरकतो. टेबलाला काच आहे आणि काचेखाली ट्यूबलाइट. कुठे दोरा तुटलेला दिसला, जाळी पडलेली दिसली, की त्या जागेसमोर किनारीला लाल दोऱ्याची गाठ मारायची. बत्तीस वर्षं मी हेच करतो आहे. लग्नाला गेलो तरी माझी नजर नवरदेवाच्या तोंडाआधी त्याच्या शर्टाच्या विणीवर जाते. मार्था त्यावरून मला चारचौघांत चिडवायची.

मार्था माझी बायको. मी लाल गाठ मारायची आणि तिने घरी बसून ती खोट भरून काढायची, असा आमचा संसार. त्याच कापडातला एक दोरा ओढून घ्यायचा, बारीक सुईत ओवायचा आणि तुटलेल्या जागी एकाआड एक धागा उचलत विणून टाकायचा. झाली रफू. ती डावखुरी होती. इतर बायकांची रफू उजवीकडून डावीकडे जाते, तिची डावीकडून उजवीकडे जायची. आमचे मालक नूरुद्दीनशेठ, त्यांना तो फरक कधीच कळला नाही. मला डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळायचा, आणि या गोष्टीचा मला विनाकारण गर्व होता.

फेब्रुवारीत ती न्यूमोनियाने गेली. आठवडाभरात सगळं आटोपलं.

आमच्याकडे पेटी बंद करण्याआधी घरातलं माणूस मयताच्या तोंडावर पांढरा कपडा टाकतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कपडा काढून ठेवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही हे माझ्या ध्यानात आलं. मी आत गेलो. खिडकीपाशी तिच्या पाटाशेजारी पांढऱ्या तुकड्यांचा ढीग होता, त्यातला वरचा उचलला आणि तिच्या तोंडावर पसरला. झाकण खाली येताना कानाशेजारी, किनारीवर, लाल गाठ दिसली. माझ्याच हातची. तो ढीग रफूला आलेला होता.

मंडळीतली पन्नास माणसं उभी, मुलगी खांद्याला धरून रडतेय, आणि मी काय म्हणणार होतो? थांबा, कपडा सेकंडचा आहे, खोटीचा आहे? झाकण बसलं. भिवंडीहून कोन गावचा पूल ओलांडून आम्ही तिला कल्याणच्या कबरस्तानात पुरून आलो.

पुनरुत्थान हा शब्द मी पाळण्यात असल्यापासून ऐकतो. आमच्या घरात तो रोजच्या वापरातल्या तांब्यासारखा असतो, कुणी उचलून निरखून पाहत नाही. त्या दिवसापासून मी निरखू लागलो. शरीर उठेल असं आम्ही दर रविवारी उभं राहून कबूल करतो. शरीर म्हणजे मार्थाचं शरीर, तिचा डावा हात, सुईने टोचून खरखरीत झालेलं तिचं बोट. ते उठेल तेव्हा सगळ्यात आधी तोंडावरचा कपडा बाजूला सारेल. जन्मभर तिने माझ्या मालातली खोट झाकली आणि मी तिला खोटीचा माल पांघरून पाठवलं. मला लाज वाटायची. इतकी, की प्रार्थनेला बसलो तरी तिचं नाव तोंडून निघेना. कधी वाटायचं, उठणं वगैरे काही नसतं असं मानलं तर निदान ही लाज तरी संपेल.

मार्चच्या मध्यावर एक ताका पुन्हा टेबलावर आला. किनारीला लाल गाठ होती आणि तिच्यासमोर खोट नव्हती. माझी चूक झाली असेल म्हणून मी गाठ सोडली. वय झालं, डोळे थकले, असं मनाशी म्हटलं.

चार दिवसांनी दुसरा. मग एकाच दिवशी दोन.

शेवटच्या वेळी मी कापड काचेवर ताणून धरलं आणि भिंग लावलं. तिथे रफू होती. डावीकडून उजवीकडे गेलेली.

मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. "शेठ, रफूचा माल हल्ली कोणाकडे देता?"

"कोणाकडेच नाय," शेठ म्हणाले. "भाभी गेली तेव्हापासून बाहेर दिलाच नाय. सब पडा है अंदर, तुझ्याच खोलीत. का?"

"काही नाही."

"शांतवन, तू घरी जा यार. पंधरा दिवस आराम कर. आंखें देख अपनी."

मी आराम केला नाही. मी तपासनीस माणूस, मला पुरावा लागतो. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मी रविवारच्या गाडीने जायच्या मालातले तीन ताके निवडले. तिन्हींत एकेक ठळक खोट, तिन्हींना लाल गाठ. लोखंडी कपाट आधी रिकामं केलं, कोपरे हाताने चाचपले, मग ताके एकावर एक ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली बनियनच्या खिशात टाकली. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारीच असते, त्यामुळे गुड फ्रायडेची रजा मला कधी मागावी लागलेली नाही. दिवसभर उपासनेत बसलो आणि मधूनमधून किल्ली चाचपत राहिलो.

शनिवारी सकाळी कपाट उघडलं. तिन्ही खोटी जशाच्या तशा होत्या.

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला रडू आलं. माझं मन कशावर टेकून बसलं होतं ते मला तेव्हा समजलं. मी कुलूप पुन्हा घातलं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

रविवारी पहाटे कबरस्तानात ईस्टरची उपासना असते. आम्ही मेणबत्त्या घेऊन कबरींमध्ये उभे राहतो. पूर्वेला उजाडलं की पाळकसाहेब मोठ्याने म्हणतात, "ख्रिस्त उठला आहे!" आणि सगळे उत्तर देतात, "खरोखर उठला आहे!" एरवी माझा आवाज सगळ्यांत चढा असतो. या वेळी मी मार्थाच्या कबरीपाशी उभा होतो, तिथली माती अजून बसलेली नव्हती, आणि माझं तोंड उघडलंच नाही.

परत येताना रिक्षात रूथ, माझी मुलगी, म्हणाली, "पप्पा, तुम्ही बोलला नाहीत."

"घसा बसलाय."

"खोटं नका ना बोलू. आज तरी." तिने माझा हात धरला. "मलाही कठीण जातं, पप्पा. पण मी बोलते. मी नाही बोलले तर मम्मी तिथेच राहील असं वाटतं मला."

तिला घरी सोडून मी कामावर गेलो. रविवारी इथे ड्युटी असते. शेड सुरू होती, लूमच्या खडखडाटाने नेहमीसारखी जमीन थरथरत होती. तपासणीच्या खोलीत मी एकटाच होतो. खिडकीतून नऊचं ऊन थेट कपाटावर पडलं होतं. कुलूप मी घातलं तसंच होतं.

उघडलं.

वरचा ताका काचेवर नेला. रफू झालेली होती. डावीकडून उजवीकडे, दोरा दोऱ्यात मिसळून गेलेला. इतकं सफाईदार काम तिने जिवंतपणीही केलं नव्हतं.

दुसराही तसाच.

तेव्हा मला कळलं. ज्या हाताने हे केलं, त्या हाताला आधी कुठली खोट लागली असेल ते कळलं. तोंडावरच्या कपड्यातली, चेहऱ्याच्या इतक्या जवळची. इथवर यायच्या कितीतरी आधी, अंधारात, तिने ती भरून काढली असणार. मला चिडवत चिडवत भरली असणार. महिनाभर छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि मी टेबलाला धरून उभा राहिलो.

मग तिसरा ताका बघायला कपाटाकडे वळलो.

तो अर्धवट होता.

खोटीच्या मध्यावर सुई टोचून ठेवलेली. सुईतून दोरा लोंबत होता.

मी दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. ओलं होतं. ओवण्याआधी ओठांत धरतात, तसं.

"शांतवन!" दाराबाहेरून शेठची हाक आली. "वो तीन ताके निकले क्या? गाडी उभी हाय."

माझा आवाज स्थिर निघाला, याचं मला अजून नवल वाटतं. "एक बाकी आहे, शेठ. थोडा वेळ द्या."

मी ताका होता तसा सारखा केला. कपाटाचं दार हलकेच लोटलं, या वेळी कुलूप घातलं नाही. दाराला पाठ लावून जमिनीवर बसलो.

शेडमधले लूम एकदम थांबले. लाइट गेली असावी. खोलीत शांतता झाली.

आणि माझ्या पाठीमागे, कपाटात, कुणीतरी दाताने दोरा तोडला.