आलेखावरचे अकरा धक्के

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मंगळवार, दुपारचे दोन चाळीस. आमच्या हॉस्पिटलचा आयसीयू, काचेच्या दाराची चार नंबरची खोली.

एकवीस वर्षं मी ईईजी काढतेय. डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि मेंदूच्या लहरी स्क्रीनवर बघायच्या. मार किती खोल गेलाय, ते त्यावरून कळतं.

त्या दिवशी खाटेवर माझी धाकटी बहीण होती. आमची बारकी.

"बाथरूममध्ये पाय घसरला हो," तिचा नवरा सगळ्यांना सांगत होता.

आठच दिवसांपूर्वी ती सुजलेला गाल घेऊन माझ्या दारात आली होती. मीच समजूत घालून तिला परत पाठवलं. "संसारात असं चालायचंच," म्हणाले होते मी. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टर हळूच म्हणाले, "टाळी वाजवून बघा, नख दाबून बघा. लहरी बदलल्या तर आशा आहे. नाहीतर..."

ते बाहेर गेले. मी तिच्या कानाशी टाळी वाजवली.

काही नाही.

नखावर पेन दाबलं. काही नाही.

"बारके, अगं मी आलेय..."

लहरी ढिम्म.

तेवढ्यात तिचा नवरा आत आला. भिंतीला टेकून उभा राहिला. "अजून किती वेळ? मला कामं आहेत."

आणि स्क्रीनवर... रेषा उसळली.

डाव्या कानशिलावरची. डोकं कशावर तरी आदळलं, तरच अशी उसळी येते. बारकीचं डोकं तर उशीवर स्थिर होतं.

मग मागून आवाज आला... धप्प.

त्याचं डोकं भिंतीवर आपटलं होतं.

"कोण... कोणी ढकललं?"

पुन्हा उसळी. पुन्हा धप्प. भिंतीवर रक्ताचा डाग.

सवयीने माझी बोटं प्रत्येक धक्क्याची नोंद करत होती. तीन. चार. पाच. आधी रेषा, मग तो. त्याचे केस मुठीत धरल्यासारखे ताणले गेले होते... मूठ कुठेच नव्हती.

"मशीन बंद करा, ताई! पाया पडतो तुमच्या!"

बटण माझ्या हाताखालीच होतं. मी दाबलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

सातव्याला दात फरशीवर सांडले. नवव्याला हाड मोडलं. दहा. अकरा...

त्याने उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. मला बघवेना. मी बटण दाबलं.

तो धाडकन खाली कोसळला. संध्याकाळी गेला. खोलीतल्या कॅमेऱ्यात तो स्वतःच भिंतीवर डोकं आपटताना दिसतो. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं.

बारकी तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. आता माझ्याकडेच राहते. त्या दुपारचं तिला काही म्हणजे काही माहीत नाही. परवा भाजी निवडताना एवढंच म्हणाली, "माझं डोकं भिंतीवर आपटताना तो मोजत होता गं. बारा वेळा."

माझ्या नोंदीत अकराच आहेत.

बारावा मी अडवला. तिला परत पाठवलं तेव्हा मी त्याचीच बाजू घेतली होती. बटण दाबलं तेव्हाही.

तेव्हापासून मी भिंतीला टेकून बसत नाही.

काल भर दुपारी बारकी माझ्यासमोर झोपली होती. मी तिच्या पायाशी बसले होते. घरात तिसरं कोणी नव्हतं...

मागून माझे केस कुणीतरी मुठीत धरले. थोडा वेळ तसेच धरून ठेवले.

मग सोडले.