एकोणिसावा वाडगा

रोज सकाळी मक्याच्या पेजेचे एकोणीस वाडगे बायकांच्या वॉर्डात न्यायचे, रिकामे झाले की राखेने घासायचे. हे माझं काम. आचोली मुलखातल्या त्या वेड्यांच्या इस्पितळात अठ्ठावीस वर्षं केलं. माझ्या हातून घाणेरडा वाडगा कधी गेला नाही.

वॉर्डात नर्स एकच उरली होती, लामवाका. बाकी दोघी सोडून गेल्या. पाच आठवडे तिला सुट्टी नव्हती. तिच्या अंगाला मुताचा नि फिनेलचा वास यायचा. तिला तो कळत नव्हता.

सोमवारी बघितलं, ती वहीत शनिवारपर्यंतच्या खुणा करून ठेवत होती.

"आज सोमवार आहे, पोरी."

"माहितीये, बाबा. जेवली, झोपली, शांत. रोज तेच असतं."

"आणि कुणी नाही जेवलं तर?"

"तर तुमची पेज वाईट असेल." ती हसली. डोळे हसले नाहीत. "बदलीची नर्स येऊ दे. मग नीट लिहीन."

एकोणीस नंबरच्या खाटेवर म्हातारी अडोच तोंडावरून घोंगडी घेऊन पडलेली असायची. गुरुवारी वाडगा ठेवायला गेलो, तर माश्याच माश्या. घोंगडी उचलली. मेली होती, दोन दिवस तरी झाले असतील. तोंडात मुंग्यांची रांग. जीभ वाळून तडकलेली.

पण बुधवारचा तिचा वाडगा चाटूनपुसून आला होता. मीच घासला होता.

"मी भरवलं की तिला..." लामवाका म्हणाली. मग वहीकडे बघत राहिली. "भरवलं असेल..."

अडोचला पुरलं. वहीत शनिवारपर्यंत तिच्या खुणा होत्या, म्हणून लामवाकाने वाडगे एकोणीसच मागितले. शुक्रवारी मी एक रिकाम्या खाटेपाशी ठेवला. चाटलेला परत आला. कडेला पिवळी, चिकट लाळ, कुजक्या मांसाच्या वासाची. राखेने तीनदा घासला, वास गेला नाही. शनिवारीही तेच. रविवारी वहीत खूण नव्हती, तरी वाडगा ठेवला. पेज तशीच राहिली.

त्याच रविवारी लामवाका वॉर्डात कोसळली. तेव्हा कुठे बदलीची नर्स आली, अटिम. आणि लामवाकाला झोपवलं कुठे? रिकामी खाट एकच होती.

सोमवारी वाडगे ठेवून वळलो, तर अटिम वही भरत होती. एकोणीस नंबर. जेवली, झोपली, शांत. शनिवारपर्यंत.

मी पान फाडलं.

"तुम्हालाच भरती करायला हवं, बाबा," अटिम म्हणाली.

"आधी तिला भरव. मग लिही."

चमचा मीच उचलला. आत्ताच भरून ठेवलेला वाडगा रिकामा होता. कडेला ती पिवळी लाळ. लामवाकाचे ओठ मात्र कोरडे.

"नको, बाबा... पोट भरलंय..."

मी कुणाला विचारलं नाही. तिला सायकलवर बसवून तिच्या आईच्या घरी पोचवलं. परत येऊन ते पान चुलीत घातलं.

मंगळवारी एकोणिसावा वाडगा रिकाम्या खाटेपाशी ठेवून बघितला. चाटलेला आला.

बुधवारी लामवाकाची आई चालत इस्पितळात आली. माझ्यापाशी उभी राहून हळूच म्हणाली, "पोरगी पाण्याला शिवत नाही. म्हणते, सकाळीच पेज खाल्ली. थंडगार पेज... घोंगडी पांघरलेली कुणी म्हातारी येऊन भरवते म्हणे."

पान जळालं होतं, पण खुणा शनिवारपर्यंतच्या होत्या. शनिवारला तीन दिवस होते.