नेथनला कोणता शब्द लावायचा?

संध्याकाळी हॅटीच्या हातात पिवळ्या लेबलांचं यंत्र आलं, की इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या त्या सुपरमार्केटात अतिशय सभ्य गर्दी जमायची. आज मुदत संपणाऱ्या मालावर ती कमी किमतीची लेबलं मारत पुढे सरकायची. आणि माणसं तिच्यामागे, आपण काही त्यासाठी आलोच नाही अशा चेहऱ्याने, लोणच्याच्या बाटल्या वाचत उभी राहायची. कोणी घाई करायचं नाही, कोणी हात पुढे करायचं नाही. स्वस्त घ्यायचं आणि अब्रूही राखायची, तर एवढं नाटक करावंच लागतं!

तो मात्र नाटक करत नव्हता. मशरूम सुपाचा डबा घेऊन सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“याला लागणार का लेबल?”

“आज नाही. त्याची मुदत उद्या संपते.”

“बरं. मग उद्या येतो.”

डबा होता तिथे नीट ठेवून तो गेलासुद्धा. हॅटी बघतच राहिली. आणि दुसऱ्या दिवशी, बाहेर बारीक गारा पडत असताना, स्वारी हजर.

“एवढ्याशा सुपासाठी आलात? अशा हवेत?”

“सुपासाठी आलो असं… कोण म्हणालं?”

बोलून गेला खरा, पण त्याचे कान लालबुंद झाले. हॅटीने लेबल उलटं मारलं. ते सोलून पुन्हा मारलं. तेवढ्यात त्याने नाव सांगितलं— नेथन. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचा. डोळे राखाडी होते, आणि हसताना आधी डोळे हसायचे, मग ओठ. असल्या गोष्टी ध्यानात राहायला लागल्या की समजावं, आपलं काही खरं नाही.

पण हॅटीला धास्ती होती. तिचे बाबा स्कारबरोच्या किनाऱ्यावर स्वतः गरमागरम तळलेला मासा खायचे आणि आईला नि तिला घरून आणलेला पाव खायला लावायचे. चवीचवीने खायचे, बोटं चाटून. एका उन्हाळ्यात आई तिथूनच उठली, लेकीचा हात धरला आणि परत त्या घरात गेली नाही. तेव्हापासून हॅटीने मनाशी पक्कं केलं होतं— माणूस कसाही चालेल, असला नको.

नेथन तसला होता का? तिथेच तर सगळा घोटाळा होता.

तिने त्याला मैत्रिणींबरोबर पबमध्ये नेलं. तिथली रीत अशी, की आळीपाळीने एकेकाने उठायचं आणि सगळ्यांना पाजायचं. ग्विन म्हणजे पावाच्या काउंटरवरची हॅटीची मैत्रीण. ती उठून म्हणाली, “तू काय घेणार, नेथन?” हा म्हणाला, “नको, माझं मी घेतो.” उठला, स्वतःपुरती अर्धा ग्लास बिअर घेऊन आला आणि समाधानाने बसला. टेबलावर सगळे असे गप्प झाले, जणू त्याने कोणाच्या आजीला शिवी दिली होती.

दुसऱ्या दिवशी ग्विनने पाव रचता रचता निकाल दिला. “टाइट आहे तो. मूठ आवळलेली.”

“अगं, त्याने दुसऱ्याचंही कुठे घेतलं? थ्रिफ्टी म्हण. काटकसरी.”

“काटकसरी म्हणजे माझी मावशी. उरल्यासुरल्याचं सूप करते, पण आल्यागेल्याला वाटीभर देते. हा कोणाला काय देतो?”

 घरी येऊन हॅटीने आईला विचारलं. डोरीनबाई पाय शेकत बसल्या होत्या.

“टाइट चालवून घेता येतं गं. थ्रिफ्टी मिळाला तर नशीबच. मीन तेवढा नको. मीन म्हणजे मनच आखूड.”

“पण आई, फरक ओळखायचा कसा?”

“मला ओळखता आला असता तर तू जन्मली असतीस का?”



त्यात हॅटीचा वाढदिवस आला. नेथनने केक आणला. खोक्यावर पिवळं लेबल, जसंच्या तसं.

“लेबल तरी काढायचंस!”

“का? तूच मारलंयस. मी बघत होतो ना लांबून… जीभ बाहेर काढून मारतेस, माहितेय?”

हसावं की खोका त्याच्या डोक्यात घालावा, हॅटीला कळेना. शेवटी दोन्ही राहूनच गेलं. केक मात्र छान होता, आणि त्याचा तिला जास्तच राग आला. नेथन आवडतो म्हणावं तर बाबा आठवतात, नाही म्हणावं तर रात्री झोप येत नाही. असं किती दिवस चालायचं?

मग त्याने रविवारी घरी जेवायला बोलावलं. हॅटीने ठरवलं, आज काय तो सोक्षमोक्ष. बाबांच्या जातीचा निघाला तर जेवून उठायचं आणि परत तोंड बघायचं नाही. ग्विनने बजावलं होतं, “घर बर्फासारखं असणार बघ.” म्हणून ती आतून दोन लोकरी कपडे चढवून गेली.

दार उघडलं आणि भट्टीसारखी ऊब अंगावर आली. नेथन अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, कपाळावर घाम. पाच मिनिटांत हॅटीचा कोट उतरला, स्वेटर उतरला, तरी जीव घुसमटत होता. हात धुवायला वर गेली तर तिथलाही भिंतीवरचा, ऊब देणारा रेडिएटर तापलेला. शेजारच्या खोलीत नुसत्या फळ्या आणि एक मोडकी सायकल— तिथलाही तापलेला! ती खाली आली.

“तुझ्या सायकलला थंडी वाजते का रे?”

“तू कुठे बसशील… माहीत नव्हतं.”

“सायकलच्या खोलीत बसेन असं वाटलं?”

“घर बघायचंय म्हणालीस तर? दार उघडलं आणि आत गारठा… नको वाटलं.”

“आणि एरवी?”

“एरवी टोपी घालून बसतो.”

“मग आज जिवावर आलं असेल!” तिने चिडवलं.

तो हसला नाही. हातातल्या फडक्याला पीळ घालत राहिला.

“खूप. गॅसचं मीटर पळताना दिसू नये म्हणून दुपारभर अंगणात फिरत होतो. हॅटी… पबमध्ये सगळे का गप्प झाले, ते कळलं मला. दुसऱ्याने पाजलेली माझ्या घशाखाली उतरत नाही. मी वाईट आहे का गं? खरंच विचारतोय. माझं मलाच कळत नाही.”

हॅटीला किनाऱ्यावरचे बाबा आठवले. त्यांना तो मासा खाताना कधी काही वाटलं नव्हतं. हा वेडा मात्र दुपारभर थंडीत फिरला होता, घरात ऊब असताना, तिच्यासाठी. टाइट, थ्रिफ्टी, मीन… तिने सगळे शब्द लावून पाहिले. एकही नीट बसेना, आणि पहिल्यांदाच तिला त्याची फिकीर वाटली नाही. ती उठली आणि वर गेली.

खाली नेथनला तिची पावलं ऐकू येत होती, या खोलीतून त्या खोलीत. ती खाली आली तेव्हा त्याने तिचा कोट हातात धरला होता. चेहरा पांढराफटक.

“निघालीस?”

“नाही. वरचे सगळे रेडिएटर बंद करून आले.”

“का? अगं, राहू दे ना… एक दिवस…”

“मला तू आवडतोस, नेथन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.” तिने कोट त्याच्या हातातून घेतला आणि खुंटीला अडकवला. “आणि मी कुठे बसणार ते विचारायचं होतंस. तू बसशील, तिथेच बसणार आहे मी.”