पत्रिकेची फ्लॉपी

सातारा-इस्लामपूर एसटीत शेजारच्या तरुणानं फ्लॉप्यांचा डबा मांडीवर असा जपून धरला होता, जणू आत अंडीच आहेत.

"खिडकीत बसू का? या फ्लॉप्यांना नाही, पण मला गाडी लागते..." तो म्हणाला.

मी हसून जागा दिली. उतरताना त्यानं माझी विसरलेली पर्स पुढे केली, बोटाला बोट लागलं... आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत मी गालातल्या गालात हसत गेले.

आत गेल्यावर कळलं, हा सुमंत, साताऱ्याहून मुद्दाम बोलावलेला! ते साल शहाण्णव. आमच्या साखर कारखान्यातल्या कॉम्प्युटरना महिन्यात तिसऱ्यांदा व्हायरस लागला होता, ऊसतोडीच्या याद्या पुसल्या गेल्या होत्या. साहेबांनी सांगून टाकलं, "ह्यो रोग कुठनं येतोय ते जो हुडकंल, त्योच ह्या खोलीत ऱ्हाईल." म्हणजे कॉम्प्युटरच्या खोलीतली माझी तीन वर्षांची खुर्ची जाणार की राहणार, ते आता यावर होतं.

मला व्हायरसची खडान्खडा माहिती. याला तर तो धड काढताही येईना! पण माझ्यापुढं तोंड न उघडणारी माणसं याच्याशी तासन्‌तास बोलायची. त्यातही ती टायपिस्ट मयूरी! ती खिदळली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि तरी मी दाराच्या काचेतून बघत राहायचे.

चौथ्या दिवशी बघते तर दोघं एकाच पडद्यावर वाकलेले, आणि पडद्यावर कुंडली. गुण जुळवण्यापर्यंत मजल गेली?

"लग्न खुशाल जमवा," मी आत घुसून ओरडले, "पण माझ्या कॉम्प्युटरवर नको!"

मयूरी रडायलाच लागली. "माझं न्हाई वो, मॅडम... वडूजच्या मामानं ही पत्रिका बघायची फ्लॉपी दिली. ज्याच्या घरी लग्नाचं हाय, त्याला बघून देते. समद्या कॉम्प्युटरवर घातलीया. तुमी लय वरडता, म्हणून कोण बोललं न्हाई."

व्हायरस या फ्लॉपीतून येत होता, आणि माझ्या तोंडामुळं लपून राहिला होता.

"मी नुसतं विचारलं, घरात कुणाचं लग्न आहे," सुमंत हळूच म्हणाला. "साफ तुम्हीच करा... मला जमत नाही."

मयूरीला मी माझ्या खुर्चीत बसवलं. "चुकलं माझं. आधी ही साफ करू, मग बघ पत्रिका." ते ऐकून संध्याकाळपर्यंत आणखी सहा जणांनी लपवलेल्या फ्लॉप्या आणून दिल्या.

साहेबांना मी खरं तेच सांगितलं. "मुळाशी सुमंत पोचले. मी नाही."

"मला एक फ्लॉपी मिळाली, साहेब," सुमंत म्हणाला. "यांनी चूक कबूल केल्यावर सहा मिळाल्या."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, हितंच बसा. पर वरडू नका."

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेले. साताऱ्याची गाडी लागली होती, सुमंत चढायच्या बेतात होता.

"जरा बोलायचं होतं..."

"ओरडणार?"

"नाही. तुम्ही मयूरीशी हसायचात ना... माझा जळफळाट व्हायचा. खुर्चीसाठी नव्हे."

"मग?"

"सगळ्यांच्या मनातलं काढून घेता, मला मात्र कधी विचारलंत नाही! म्हणून आपणहून सांगते... तुम्ही मला आवडता."

कंडक्टरनं डबल बेल दिली. सुमंत जागचा हलला नाही. गाडी निघून गेली.

"अहो... पुढची दीड तासानं आहे!" मी घाबरून म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर सोडली."