एकाच कळीवरचे दोन C

"मला त्याचं नाव हवंय, आपाय. पुढचं मी बघते." अकबोता गुप्तहेर रौशानला आपाय, म्हणजे ताई म्हणायची. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाजात नुसती आग होती.

अल्माटीच्या विद्यापीठात ती रानसफरचंदाच्या जनुकावर प्रबंध करत होती. जनुक म्हणजे A, C, G, T या चारच अक्षरांची लांबलचक माळ. आज दुपारी तोंडी परीक्षा, आणि सकाळी संगणक ती माळ घेईचना. म्हणे, अनोळखी अक्षर. प्राध्यापकांना वाटलं, पोरीने माळ मनानेच रचली. खुलासा झाला नाही तर पदवी गेली.

रौशानचा भाचा कुआनिश माळ न्याहाळून थकला. "मावशी, चारच अक्षरं आहेत. पाचवं निघालं तर नाव बदलीन."

"नवं नाव शोधून ठेव," रौशान म्हणाली.

अकबोताखेरीज ती फाइल दोघांनाच आपापल्या लॅपटॉपवरून उघडता येत होती.

सोलचा मिन्हो तिच्याशी कडाकडा भांडलेला. "भांडलो. म्हणून काय चोर झालो?" त्याने लॅपटॉप पुढे ढकलला. त्यात कोरियन आणि इंग्रजी कळफलक, रशियन कुठेच नाही. "बाजारात अजून हातवारेच करतो मी."

बेकारिस तिचा जुना मित्र. त्याने चहा आणि बाउरसाक, तळलेले फुगीर गोळे, पुढे केले. बोलता बोलता लॅपटॉपवर आईला रशियनमध्ये निरोप टाकत होता. "पहिल्या वर्षी माझी कॉपी तिनेच पकडून दिली. शिष्यवृत्ती गेली. पण मी ते कधीच विसरलो."

दुपारी सगळ्यांसमोर रौशानने संगणकाला माळेतले सारे C शोधायला लावले. सगळे पिवळे झाले. एक तसाच राहिला.

"हा C नव्हेच. हा रशियन 'स'. दिसतो तसाच, कळही तीच. बेकारिस, एक अक्षर गुपचूप बदलून तिचा निष्कर्ष चुकीचा ठरवायचा होता तुला. आईशी गप्पा झाल्यावर कळफलक इंग्रजीवर आणायला विसरलास. मिन्होकडे रशियन नाहीच."

"पण मूळ अक्षर कुठलं?" कुआनिशने विचारलं.

उत्तर अकबोताने दिलं. "माळ दुहेरी असते. A समोर T, C समोर G. समोरच्या माळेची फाइल वेगळी, तिला याने हात लावलेला नाही. तिथे A आहे." तिने T टाकला. संगणकाने निमूटपणे रानसफरचंद ओळखलं.

बेकारिसचा चेहरा पडला. पडू दे मेल्याचा. "मस्करी केली गं. सोड ना."

"सोडलं," अकबोता म्हणाली. "सर, पुढच्या वर्षी नव्या मुलांचा पहिला तास मीच घेणार ना?"

सरांनी होकारार्थी मान डोलावली.

"एका अक्षराने काय होतं, याचा दाखला मिळाला मला. दरवर्षी देईन. तुझ्या नावानिशी, बेकारिस. आडनावासकट."