वाट दे ना गं जरा

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. मावसबहिणीने जसं सांगितलं, तसंच सांगतोय. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. उगाच घाबरणाऱ्यांतली नाही.

गेल्या वर्षीचा एक रविवार. भरदुपार. तिसऱ्या मजल्यावरचं तिचं माहेर.

तिचे वडील, म्हणजे आमचे काका, लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठे काही टाकलेलं दिसलं की उचलून घरी. मोडके पंखे, खोकी, रद्दी, रिकामे डबे.

"लागतं कधीतरी," म्हणायचे.

लागलं कधीच नाही. बघता बघता दोन्ही खोल्या छतापर्यंत भरल्या. दारापासून पलंगापर्यंत हातभर वाट उरली. तीही अंग चोरून जाण्यापुरती.

मावशीला झटका आला, तेव्हा स्ट्रेचर त्या वाटेत अडकलं. माणसं घाईघाईने खोकी बाजूला करत होती, आणि काका ओरडत होते, "डबे सांभाळून! अहो, डबे सांभाळून!"

मावशी आतच गेली.

लेकीने बापाशी बोलणं टाकलं, ते कायमचं. सहा वर्षांनी काका गेले. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. तिने आणि धाकट्या भावाने चार टेम्पो भरून घर मोकळं केलं. त्या रविवारी ती झाडून घ्यायला एकटीच गेली. भाऊ मागून येणार होता.

नुसत्या भिंती. पावलांचा आवाज घुमत होता.

ती आतल्या खोलीत झाडत होती, आणि...

सर्र...

फरशीवरून खोकं सरकावं तसं.

वरच्या मजल्यावरचं असेल. तिने झाडू पुढे नेला.

सर्र...

या वेळी पलंगाच्या जागेवरून. तिथे काहीच नव्हतं.

मग धाप लागलेला आवाज.

"वाट दे ना गं जरा..."

आईचा!

तिने झाडू खाली ठेवला. म्हणाली, "आई, सगळं काढलंय गं. ये ना बाहेर."



आणि मग आवाजांचा धडाका. खोक्यांवर खोकी... कुणी उपसतंय की रचतंय, कळेना.

तेवढ्यात भाऊ आला. दारातच थबकला. पांढराफटक.

"ताई, बाबा कुणावर ओरडतायत?"

"बाबा? आई आहे ती!"

"आई नाही गं. बाबाच. 'परत जागेवर लावा' म्हणतायत..."

एकदम सगळं थांबलं.

दोघं जिना कसा उतरले, त्यांनाच ठाऊक नाही.

घराला अजून कुलूप आहे. भाऊ म्हणतो, विकून मोकळे होऊ. ती सही करत नाही. त्यावरून दोघांचं पार फाटलंय.

परवा भेटली. म्हणाली, "आई एकटी असती, तर आली असती रे बाहेर. पण ते आहेत ना आत..."